घरातील साध्या कापडांवर फॅब्रिक मार्करने नक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कापडाची उणीव नाही. चाटी गल्लीपासून मंगळवार पेठेपर्यंत कोरे कापड मीटरवर मिळते आणि यंत्रमागावरचा किरकोळ दोषाचा सेकंड मालही पुष्कळदा स्वस्तात हाती लागतो. अशा कापडाचे अभ्रे, रुमाल, टेबलक्लॉथ आणि पडदे शिवून त्यांवर फॅब्रिक मार्करने स्वतः नक्षी काढणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पेन हाती धरण्याआधी कापड कसे धुतले आणि पेन खाली ठेवल्यानंतर इस्त्री कशी केली, यावरच नक्षीचे आयुष्य ठरते. म्हणून त्या दोन विषयांना येथे अधिक जागा दिली आहे.

फॅब्रिक मार्कर आणि साधा परमनंट मार्कर यांत फरक काय? दोन्ही कापडावर उमटतातच ना?

उमटतात दोन्ही, पण टिकतात निरनिराळे. चांगल्या फॅब्रिक मार्करच्या शाईत रंगाचे सूक्ष्म कण आणि त्यांना धाग्याशी जखडून ठेवणारे बंधक द्रव्य असते. उष्णता मिळाली की हे बंधक घट्ट होते आणि रंग पाण्यात सुटत नाही. पुठ्ठ्यावर किंवा सीडीवर लिहिण्यासाठी बनवलेल्या परमनंट मार्करमध्ये बहुधा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग असतो. तो कापडावर झपाट्याने पसरतो, काही काळाने रेघेभोवती पिवळसर कडा दिसू लागते आणि काळा रंग धुण्यागणिक जांभळट किंवा तपकिरी होत जातो. धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यावर खूण करण्यापुरता तो ठीक आहे. अभ्र्यावरील नक्षीसाठी तो घेऊ नये.

कोणते कापड निवडावे?

शंभर टक्के सुती, घट्ट विणीचे आणि गुळगुळीत पृष्ठभागाचे. पॉपलीन आणि केम्ब्रिक यांवर रेघ सर्वांत स्वच्छ उमटते. मांजरपाट स्वस्त आहे आणि त्याचा मूळचा दुधाळ पिवळसर रंग तपकिरी, काळ्या व गेरूसारख्या शाईला फार शोभतो. मात्र त्यात कापसाच्या बोंडाचे बारीक तुकडे विणीत राहिलेले असतात आणि पेनाचे टोक त्यांना अडखळते, हे गृहीत धरूनच नक्षी निवडावी. पडद्यांसाठी जाड कॅसमेंट चांगले, पण त्यावर बारीक कलाकुसर करण्यापेक्षा ठसठशीत आकार काढावेत.

पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावरही काम होते, परंतु रंग तितका खोल बसत नाही आणि इस्त्री जपून करावी लागते. पूर्ण पॉलिस्टरच्या चादरी, ज्या हल्ली बाजारात अत्यंत मऊ लागतात म्हणून सुती समजून घेतल्या जातात, त्या या कामाला निरुपयोगी आहेत. शंका असल्यास काठाचा एक धागा काढून जाळून पाहावा: सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची कडक गोळी बनते.

गडद रंगाच्या कापडावर नेहमीच्या मार्करची शाई जवळजवळ दिसत नाही, कारण ती पारदर्शक असते. निळ्या कापडावर पिवळी रेघ हिरवट दिसते. गडद कापडासाठी अपारदर्शक शाईचे वेगळे मार्कर येतात; ते वापरण्यापूर्वी हलवावे लागतात आणि त्यांचा थर किंचित जाड लागतो. पहिल्या प्रयोगासाठी पांढरे, मोतिया किंवा फिकट रंगाचेच कापड घ्यावे.

आपली सोलापुरी चादर घरात आहेच. तिच्यावर नक्षी काढली तर?

काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीत नक्षी जॅकार्डच्या साहाय्याने विणीतच उतरवलेली असते आणि ती दोन्ही बाजूंनी, रंगांची अदलाबदल होऊन, दिसते. तिचे सूत जाड, पृष्ठभाग उंचसखल आणि रंग बहुधा गडद असतात. मार्करची रेघ तिथे तुटक उमटते, आणि विणकराने केलेल्या कामावर आपण लिहिलेले काहीही उपऱ्यासारखे दिसते. चादरीच्या जोडीला साधे पांढरे अभ्रे घेऊन, चादरीतील एखादा आकार, उदाहरणार्थ काठावरची शंकरपाळ्याची रांग, त्या अभ्र्यांवर मार्करने उतरवावी. दोन्ही वस्तू एकाच घरच्या वाटतात.

टॉवेलवर नाव किंवा फूल काढता येते का?

टेरी टॉवेलच्या फासांवर येत नाही. फासे पेनाच्या टोकाखाली वळतात आणि धुतल्यावर ते मूळ दिशेला उभे राहिले की अक्षराचे रूपांतर डागात होते. मात्र बहुतेक टॉवेलांच्या दोन्ही टोकांशी फासे नसलेला एक सपाट पट्टा विणलेला असतो. तेवढ्या पट्ट्यावर नाव व्यवस्थित लिहिता येते. एकत्र कुटुंबात कोणाचा टॉवेल कोणता, हा रोजचा वाद त्याने मिटतो.

कोरे कापड आधी धुणे खरोखरच आवश्यक आहे का? धुतल्यावर त्याचा कडकपणा जातो आणि रेघ मारणे अवघड होते.

आवश्यक आहे, आणि ज्या कडकपणाबद्दल आपण हळहळता तोच खरा अडथळा आहे. मागावर उभा ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ दिलेली असते. त्याशिवाय बाजारात कापड भारदस्त दिसावे म्हणूनही पुष्कळदा शेवटी खळ चढवतात. या खळीवर काढलेली नक्षी धाग्यावर बसत नाही, खळीवर बसते. पहिल्या धुण्यात खळ गेली की तिच्यासोबत रंगही जातो. मी स्वतः पहिला टेबलक्लॉथ कोऱ्या कापडावर, मोठ्या उत्साहाने, तीन संध्याकाळी बसून पूर्ण केला होता. एका धुण्यानंतर त्यावरील मोराची केवळ मान आणि दोन पिसे शिल्लक राहिली.

धुण्याची रीत अशी. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी ते पाणी फेकून द्यावे आणि कोमट पाण्यात डिटर्जंट घालून हाताने किंवा यंत्रात धुवावे. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य मुळीच घालू नये. त्याचा पातळ थर धाग्यावर राहतो आणि शाईला आत शिरू देत नाही. कापड वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे. तो मोत्यासारखा थबकून राहिला तर खळ किंवा तेलकटपणा शिल्लक आहे, आणि आणखी एक धुणे हवे.

आधी धुण्याचे दुसरे कारण आटण्याचे आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि साधारणपणे आडव्यापेक्षा उभ्या दिशेने अधिक आटते. कोऱ्या कापडावर कंपासने काढलेले नेमके वर्तुळ धुतल्यानंतर लंबवर्तुळ झालेले दिसते ते यामुळेच. म्हणून कापड आधी धुवावे, मग कापावे व शिवावे, आणि नक्षी शेवटी काढावी.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. त्याने काही बिघडते का?

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यातील कॅल्शियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट पांढरट साका बनवतात आणि तो कापडात अडकून राहतो. त्यामुळे कापड करडे दिसते व शाई सारखी बसत नाही. अशा घरांत वडीचा साबण न वापरता डिटर्जंट पावडर वापरावी, आणि शक्य असल्यास शेवटचे खळबळणे नळाच्या पाण्यात करावे. नळाला रोज पाणी येत नाही हे खरे. पण या कामाला एक बादली पुरते.

नक्षी कापडावर कशी उतरवावी?

पातळ पांढऱ्या कापडासाठी सर्वांत सोपा उपाय खिडकीची काच हा आहे. कागदावर काळ्या स्केचपेनने नक्षी काढून तो कागद काचेला चिकटवावा, त्यावर कापड ताणून लावावे आणि दिवसाच्या उजेडात आरपार दिसणाऱ्या रेघा पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवाव्यात. पेन्सिल अगदी पुसट चालवावी, कारण फिकट शाईखाली सापडलेली पेन्सिलीची रेघ पुढे कायम दिसत राहते. पेन्सिलीच्या अगदी शेजारून शाईची रेघ न्यावी आणि शाई पूर्ण वाळल्यावर, परंतु इस्त्रीपूर्वी, मऊ खोडरबराने पेन्सिल पुसावी.

भरतकामासाठी मिळणारे, पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईचे पेन येथे अडचणीचे ठरते. ती निळी शाई इस्त्रीच्या उष्णतेने पक्की होण्याची भीती असते, म्हणून ती इस्त्रीआधी पाण्याने काढली पाहिजे. आणि मार्करची शाई तर इस्त्रीआधी पाण्याला लावायची नसते. दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. कार्यालयातला निळा कार्बन पेपरही नको, कारण त्यातील मेणकट रंग हाताच्या दाबाने भलत्याच ठिकाणी उमटतो आणि मग निघत नाही. गडद कापडासाठी शिंप्याचा खडू उत्तम. तो झटकला की जातो.

रेघ मारताच शाई फुटते. माझे पेन खराब आहे का?

बहुतेक वेळा पेन खराब नसते, हात रेंगाळत असतो. कापडाचे धागे वातीसारखे काम करतात आणि टोक जितका वेळ एका जागी टेकलेले राहील तितकी शाई ताण्याच्या आणि बाण्याच्या धाग्यांवरून चारही दिशांना ओढली जाते. रेघ सुरू करताना व संपवताना आपण नकळत थांबतो, म्हणून रेघेच्या टोकांशीच गाठी दिसतात. टोक कापडाला टेकण्याआधीच हात चालता असावा आणि रेघ संपण्याआधी तो उचलला जावा.

कापड सैल असेल तर ते टोकासोबत सरकते आणि मग आपण दाब वाढवतो. त्यावर एक जुना व खात्रीचा उपाय म्हणजे कापडाखाली पॉलिश पेपर, म्हणजे सुताराचा काचकागद, खरखरीत बाजू वर करून ठेवणे. त्याच्या कणांत कापड धरले जाते आणि तसूभरही हलत नाही. मोठ्या कापडासाठी पुठ्ठ्यावर ते ताणून कडांना टाचण्या किंवा चिमटे लावावेत. अभ्र्यासारख्या दुहेरी वस्तूच्या आत पुठ्ठा घालण्यास विसरू नये. अन्यथा पुढच्या बाजूचे कमळ मागच्या बाजूलाही उगवते.

मोठा भाग भरायचा असल्यास कडेची रेघ आधी काढून ती पूर्ण वाळू द्यावी आणि आतील रंग कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबवावा. उरलेले अंतर शाई स्वतःच भरून काढते. फिकट रंग आधी व गडद रंग नंतर, हा क्रम पाळला की पिवळ्या पेनाच्या टोकाला काळा रंग लागत नाही. तळहाताएवढ्याहून मोठा भाग सलग भरायचा असेल तर मात्र मार्करचा हट्ट सोडून बाटलीतील फॅब्रिक कलर व कुंचला घ्यावा. मार्करने भरलेल्या मोठ्या भागात पट्टे दिसतात आणि पेन तिथेच संपते.

आणि हो, प्रत्येक पेन आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर चालवून पाहावे. कागदावरची चाचणी येथे उपयोगाची नाही.

देवनागरीत नावे लिहिताना काय सांभाळावे?

अक्षराची उंची निदान दीड सेंटिमीटर ठेवावी. त्याहून लहान अक्षरांत ‘ब’, ‘क’ आणि ‘श’ यांच्या पोटातील पांढरी जागा शाईने बुजते आणि जोडाक्षरे तर वाचताच येत नाहीत. शिरोरेघ काढताना पट्टी न वापरता कापडातील आडवा धागा नजरेने धरावा व त्याच्या आधाराने रेघ न्यावी; पट्टीने काढलेली रेघ विणीला तिरकी गेली तर कापड अंथरल्यावर ती वाकडी दिसते. प्रथम सर्व अक्षरे काढून शिरोरेघ अखेरीस द्यावी, म्हणजे तिचा रंग एकसारखा राहतो. आपल्या शहरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नडही तितक्याच सहजपणे लिहिली जाते. त्या लिपींची गोलाई मार्करच्या टोकाला देवनागरीच्या कोपऱ्यांपेक्षा अधिक मानवते, हे ज्यांना त्या येतात त्यांनी करून पाहावे.

नक्षीसाठी विषय कोणता घ्यावा?

ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांनी ठिपक्यांच्या रांगोळीपासून सुरुवात करावी. ठिपक्यांचे अंतर कापडाचे धागे मोजून अचूक ठेवता येते, रेघा लहान असतात आणि एखादा ठिपका फुटला तरी बाकीचे थोडे मोठे करून चूक पोटात घालता येते. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेतील सात नंदीध्वज हा लांबट टेबलपट्टीसाठी किंवा पडद्याच्या खालच्या किनारीसाठी सुंदर विषय आहे: उंच उभ्या काठ्या, सारखे अंतर आणि खाली बाराबंदी घातलेल्या भक्तांची पांढरी रांग, जी कापड रिकामे सोडूनच दाखवता येते. रिकाम्या जागेचा असा उपयोग या माध्यमाला फार साजतो. रुखवतात ठेवण्यासाठी रुमाल करणार असाल तर चारही कोपरे भरण्याऐवजी एकच कोपरा करावा. घडी घातल्यावर तोच वर दिसतो.

इस्त्री केव्हा व कशी करावी?

नक्षी पूर्ण झाल्यावर कापड चोवीस तास सपाट वाळू द्यावे. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत दोन दिवस द्यावेत. त्यानंतर कापड उलटे करून, नक्षीची बाजू खाली ठेवून, तिच्याखाली जुने पांढरे सुती कापड घालावे आणि वाफ पूर्ण बंद करून कोरडी इस्त्री फिरवावी. बहुतेक फॅब्रिक मार्करना सुमारे 150 अंश सेल्सिअस उष्णता व प्रत्येक भागावर चार ते पाच मिनिटे लागतात. आपल्या पेनाच्या पाकिटावर निराळी सूचना असल्यास तीच पाळावी. इस्त्रीवरील ठिपक्यांच्या खुणेत दोन ठिपके म्हणजे अंदाजे 150 अंश आणि तीन ठिपके म्हणजे अंदाजे 200 अंश. मिश्र कापडाला दोन ठिपक्यांच्या पुढे नेऊ नये. इस्त्री एका जागी ठेवून देऊ नये, तशीच घाईने ओढूही नये. टेबलक्लॉथला या हिशेबाने अर्धा तास सहज लागतो, आणि हाच अर्धा तास लोक वाचवतात.

मे महिन्यात गच्चीवर कापड टाकले तर इस्त्रीची गरज नाही, असे येथे अनेकांना वाटते. सोलापूरचे ऊन कितीही कडक असले तरी तापलेल्या फरशीवरही 150 अंश उष्णता होत नाही. उलट उन्हातील अतिनील किरणांनी रंग मात्र फिका होतो. तुरटी, मीठ किंवा व्हिनेगर यांच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. तुरटी वनस्पतिजन्य रंगांना धाग्याशी जोडते आणि मीठ काही रंगांच्या भांड्यात रंग चढण्यास मदत करते, परंतु मार्करमधील बंधकावर या कशाचाच परिणाम होत नाही. इस्त्रीपूर्वी असे बुडवणे म्हणजे नक्षी पाण्यात सोडणे होय.

नंतर धुलाई कशी करावी?

इस्त्रीनंतर पहिले तीन दिवस धुऊ नये. त्यानंतर उलट बाजू करून, थंड किंवा फार तर 40 अंशांपर्यंतच्या पाण्यात, सौम्य डिटर्जंटने धुवावे. नक्षीवर ब्रश घासू नये, धोपटण्याने आपटू नये आणि ब्लीच तर बाटलीच्या झाकणाएवढेही नको. सावलीत वाळवावे. टेबलक्लॉथवर शेंगाचटणीचे तेल सांडल्यास डाग नक्षीजवळ असला तरी तिथे थोडे भांडी घासण्याचे द्रावण बोटाने लावून दहा मिनिटांनी धुवावे. घासून काढण्याची घाई केली तर तेलाआधी नक्षी जाईल.

चूक झाली तर शाई पुसता येते का?

सहसा नाही. ओली असताना लगेच टिपकागदाने टिपल्यास ती फिकी होते, पण जात नाही, आणि पाणी लावल्यास पसरते. चुकीच्या रेघेचे पान करावे, ठिपक्याचे फूल करावे.

लहान मुलांना हे काम द्यावे का? आणि भाकरीच्या फडक्यावर नक्षी चालेल का?

मुलांना रुमाल आणि अभ्रे जरूर द्यावेत, पण ज्या मार्करवर विषारी घटक नसल्याचे छापलेले आहे तेच घ्यावेत आणि इस्त्री मोठ्यांनी करावी. तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर नक्षी नको. बाळ दुपट्याचा प्रत्येक कोपरा तोंडात घालते. भाकरीच्या फडक्याचेही तसेच आहे. गरम, ओलसर भाकरी ज्या भागाला टेकते तो मधला भाग कोरा ठेवावा आणि फडक्याच्या केवळ बाहेरच्या किनारीवर, बोटभर रुंदीत, नक्षी काढावी. शाई खाद्यपदार्थाच्या संपर्कासाठी बनवलेली नसते.

पेन लवकर वाळतात. कसे ठेवावेत?

आडवे ठेवावेत, विशेषतः दोन्ही बाजूंनी टोके असलेले. टोपण खट्ट असा आवाज होईपर्यंत लावावे. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीत ठेवू नयेत. टोकाला कापडाचे तंतू अडकले असतील तर ते चिमट्याने काढावेत; अनेकदा संपलेले वाटणारे पेन एवढ्याने पुन्हा चालू लागते.

दोन-तीन वर्षांनी नक्षी फिकी झाली. पुन्हा गिरवता येते का?

येते, आणि जुन्या रेघा असल्यामुळे दुसरी वेळ पहिलीपेक्षा सोपी जाते. कापड आधी धुऊन, मऊ करणारे द्रव्य वापरले असल्यास ते निघेपर्यंत आणखी एकदा धुऊन, तोच थेंबाचा प्रयोग करावा. सर्व रेघा गिरवू नयेत. कडेच्या मुख्य रेघा व नावाची अक्षरे गडद करावीत आणि आतील रंग फिकाच राहू द्यावा. नव्या रेघांसाठी पुन्हा चोवीस तासांचा अवकाश आणि पुन्हा पूर्ण इस्त्री लागते, कारण नव्या शाईला आधीच्या इस्त्रीचा काहीही लाभ होत नाही.